पोटातले जिवाणू आणि कंपवात: संशोधन नेमके कुठवर आले आहे?

लोकमान्यनगर_इंदूर | सोमवार, सकाळी ७:१२

नमस्कार. माझ्या सासऱ्यांना २०१९ साली पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, निदान झाले. घरात आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. आता त्यांचे वय ७४ आहे. त्यांनी इंदूरच्या कापड बाजारात जवळजवळ चाळीस वर्षे मुनीमगिरी केली आणि घरखर्चाची नोंदही ते रोज रात्री लाल कापडी बांधणीच्या वहीत करत आले. गेल्या महिन्यात माळा आवरताना या वह्या खाली उतरवल्या. त्या चाळताना दोन गोष्टी नजरेस पडल्या, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट अक्षराची. २०१६च्या दिवाळीपर्यंत नानांचे अक्षर ओळ भरून असे. पुढच्या उन्हाळ्यात ते ओळीच्या निम्म्यावर येते आणि पानाच्या तळाशी पोचेपर्यंत इतके बारीक होते, की 'दूध' लिहिले आहे की 'दही' हे भिंगाशिवाय कळत नाही. या आजारात अक्षर असे आक्रसते हे डॉक्टरांनी नंतर सांगितलेच होते. दुसरी गोष्ट मात्र त्याहून बरीच जुनी निघाली. २००५च्या वहीपासून दर आठ-पंधरा दिवसांनी 'इसबगोल', 'त्रिफळा चूर्ण', 'एरंडेल' यांपैकी काहीतरी खर्ची पडलेले दिसते. म्हणजे हात थरथरू लागण्याच्या बारा-तेरा वर्षे आधीपासून त्यांचे पोट साफ होत नव्हते. तेव्हा घरात हा थट्टेचा विषय होता. रविवारी मित्र पोहे-जलेबीला जाण्यासाठी खालून हाका मारत आणि नाना आतून 'तुम्ही व्हा पुढे' म्हणत. त्याच काळात त्यांचा वासही गेला होता, हे आता मागे वळून पाहताना लक्षात येते. हिंगाची फोडणी करपून घरभर धूर झाला, तरी ते शेजारच्या खोलीत शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसलेले मला आठवतात.

आता प्रश्न असा की, आमच्या नात्यातल्या एका गटावर 'पार्किन्सन्स हा मेंदूचा नव्हे, पोटाचा आजार आहे. आतड्यातले चांगले जिवाणू वाढवले की तो मुळापासून जातो' असा संदेश फिरत आहे आणि त्याच्या आधारे एका विक्रेत्याने आम्हाला जिवाणूंच्या भुकटीचे तीन महिन्यांचे डबे बऱ्यापैकी महागात विकले आहेत. वहीतल्या नोंदी पाहिल्यावर संदेशाचा पहिला भाग मला पूर्ण खोटा वाटेना. दुसरा भाग मात्र पटत नाही. यात सिद्ध काय आहे आणि नानांच्या उपयोगाचे काय आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सूक्ष्मदर्शक | सोमवार, सकाळी ११:४०

ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा उपचारांबद्दल मी बोलणार नाही. पण जिवाणूंबद्दल बोलू शकतो.

तुमच्या वह्यांत जे सापडले ते वैद्यकाला अनोळखी नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे जे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, त्यातच आतडी मंदावल्याचा उल्लेख आहे. पुढे होनोलुलूमध्ये सुमारे ६,८०० पुरुषांचा दोन तपांइतका काळ पाठपुरावा झाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, ज्यांना रोज एकदाही शौचास होत नव्हते त्यांच्यात या आजाराचे प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या सुमारे २.७ पट होते. त्याचबरोबर हेही सांगायला हवे, की त्या साऱ्या मंडळींत आजार झालेले पुरुष ९६ होते. तेव्हा केवळ पोट साफ होत नाही म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. इंदुरात रोज शेव खाणाऱ्यांपैकी अर्धे लोक मग आजारी ठरतील.

पोटाचा आणि मेंदूचा धागा जोडणारी मुख्य कल्पना जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक यांची, २००३ सालची. या आजारात अल्फा-सिन्यूक्लिन नावाचे प्रथिन चुकीची घडी पडून पेशींत साचते. हे साचलेपण मेंदूच्या कोणत्या भागात आधी आणि कोणत्या भागात नंतर दिसते, याचा क्रम ब्राक यांनी शवविच्छेदनांतून लावला. तेव्हा त्यांना मेंदूच्या तळाशी, जिथून व्हेगस ही चेता निघून थेट आतड्यांपर्यंत जाते, तिथे ते फार लवकर आढळले. गंधाच्या भागातही ते लवकर दिसले. आजाराचे मूळ नाकातून किंवा आतड्यातून आत शिरत असावे आणि व्हेगसच्या वाटेने वर चढत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. नानांचे पोट आणि नानांचे नाक या दोन्ही तक्रारी हाताच्या आधी का आल्या, याचे एक सुसंगत उत्तर त्यातून मिळते. २०१९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उंदरांच्या जठर-आतड्याच्या भिंतीत असे बिघडलेले प्रथिन टोचले, तर ते काही महिन्यांत मेंदूपर्यंत पोचले. ज्या उंदरांची व्हेगस आधीच छाटली होती, त्यांच्यात ते पोचले नाही.

इथवर जिवाणू आलेच नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. ते येतात २०१५-१६ मध्ये. हेलसिंकीत ७२ रुग्ण आणि ७२ निरोगी माणसे यांच्या मलाची तुलना झाली, तेव्हा रुग्णांमध्ये प्रीव्होटेला कुळातले जिवाणू बरेच कमी आढळले आणि ज्यांना तोल सांभाळणे व चालणे अधिक अवघड जात होते, त्यांच्यात एंटेरोबॅक्टर कुळातले जिवाणू अधिक दिसले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेने उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. हे उंदीर जन्मतःच जास्त अल्फा-सिन्यूक्लिन तयार करणारे होते. त्यांना पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तेव्हा त्यांच्या हालचाली फारशा बिघडल्या नाहीत. त्यांच्या पोटात पार्किन्सन्सच्या रुग्णांचे जिवाणू सोडले, तेव्हा हालचाली निरोगी माणसांचे जिवाणू सोडलेल्या उंदरांपेक्षा अधिक बिघडल्या. हे कसे घडत असावे याच्या दोन वाटा सांगितल्या जातात. एक म्हणजे आतड्याचे अस्तर झिरपू लागून दाह वाढणे. दुसरी मला स्वतःला जास्त कुतूहलाची वाटते. ई. कोलायसारखे काही जिवाणू आपल्या वसाहती चिकटवून ठेवण्यासाठी 'कर्ली' नावाचे धाग्यांसारखे प्रथिन बाहेर टाकतात, आणि त्या धाग्यांच्या संगतीत अल्फा-सिन्यूक्लिनलाही तशीच चुकीची घडी पडू लागते, असे प्रयोगांत दिसले आहे. विरजण लावल्यासारखेच म्हणा ना.

उलटतपासणी | सोमवार, रात्री ९:०५

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यातून वाचकाचा समज 'जिवाणूंमुळे आजार होतो' असा होऊ नये, म्हणून काही शंका मांडतो.

आतड्याची गती मंदावली की आतला मुक्काम लांबतो आणि मुक्काम लांबला की तिथे राहणाऱ्या जिवाणूंची वस्ती बदलते. हे पार्किन्सन्स नसलेल्या, केवळ मलावरोध असलेल्या माणसातही घडते. मग रुग्णाच्या मलात वेगळे जिवाणू आढळले, तर ते आजाराचे कारण म्हणायचे की आजाराने आतड्याच्या चेता आधीच बिघडवल्याचा परिणाम? शिवाय औषधांचा प्रभाव आहेच. या आजारात दिली जाणारी एंटाकापोनसारखी गोळी जिवाणूंची वस्ती बदलते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आहाराचेही तसेच. फिनलंडमधल्या रुग्णांत प्रीव्होटेला कमी आढळले, हे मान्य; पण डाळ, भाकरी, भाजी खाणाऱ्या भारतीयांच्या पोटात प्रीव्होटेलाचे प्रमाण मुळातच भरपूर असते, त्यामुळे तिथला आकडा जसाच्या तसा इंदूरला लावता येत नाही.

उंदरांच्या प्रयोगातही एक गाठ आहे, ती कोणी सांगत नाही. तंतुमय अन्न आंबवून जिवाणू जी लघुशृंखला मेदाम्ले तयार करतात, ती माणसाच्या आतड्याला हितकर मानली जातात. ती तयार करणारे रोझबुरिया, फीकॅलिबॅक्टेरियम यांसारखे जिवाणू रुग्णांमध्ये कमी असल्याचे बहुतेक अभ्यास सांगतात. पण कॅलटेकच्या त्याच प्रयोगात निर्जंतुक उंदरांना ही मेदाम्ले खाऊ घातली, तेव्हा त्यांच्या हालचाली बिघडल्या! भुकटी विकणाऱ्याला हे विचारून पाहावे.

व्हेगसबद्दलही थोडे. पूर्वी जठरव्रणासाठी ही चेता छाटत असत. ती मुळाशी छाटलेल्यांना पुढे पार्किन्सन्स कमी झाला का, हे डेन्मार्क आणि स्वीडनच्या नोंदणी-दप्तरांतून पाहिले गेले. २०१७च्या स्वीडिश अभ्यासात सर्व शस्त्रक्रिया एकत्र धरल्या तर फरक जवळजवळ दिसत नाही. चेता मुळाशी छाटलेली आणि त्यानंतर किमान पाच वर्षे उलटलेली, असा गट वेगळा काढला की मग धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसतो. हा पुरावा दखल घेण्याजोगा आहे, पण त्यावर इमला उभारावा इतका भक्कम नाही. डेन्मार्कमधल्याच ऑरहूस इथले पेर बोर्गहॅमर यांची मांडणी मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यांच्या मते काही रुग्णांत आजार शरीरात सुरू होऊन वर जातो आणि काहींत मेंदूत सुरू होऊन खाली येतो. पहिल्या गटात मलावरोध आणि झोपेत हातपाय झाडणे, ओरडणे या तक्रारी बऱ्याच आधी येतात. नाना झोपेत ओरडत असत का, हे ताईंनी आठवून पाहावे.

आणि माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, त्यांचा निकाल? निरोगी दात्याच्या मलातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२४ साली आले. बेल्जियममधल्या घेंटच्या चाचणीत ४६ रुग्ण होते. वर्षभराने हालचालींच्या गुणांकनात दात्याचे जिवाणू मिळालेल्यांची सरासरी सुधारणा ५.८ गुणांची होती आणि स्वतःचेच परत मिळालेल्यांची २.७ गुणांची. फिनलंडच्या चाचणीत मात्र प्रत्यक्षात जाणवेल अशी सुधारणा आढळली नाही. एकाच वर्षात एक होकार आणि एक नकार. 'मुळापासून जातो' हे वाक्य यांपैकी कुठेही नाही.

राजवाडा_चौक | मंगळवार, सकाळी ८:३०

माझ्या आत्याला हाच आजार आहे. तिला एका ओळखीच्यांनी सांगितले, की खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण घेतल्यास इंग्रजी गोळीची गरज राहत नाही आणि पोटही बिघडत नाही. ती दोन्ही एकदम घेत आहे. हे योग्य आहे का?

मल्हारगंज_औषधालय | मंगळवार, दुपारी ३:१५

मी औषधविक्रेता आहे. आत्याबाईंना आजच फोन करावा, असे मी सुचवीन.

खाजकुहिली म्हणजे आयुर्वेदातली कपिकच्छू. तिच्या बियांत लेवोडोपा असते, तेच जे डॉक्टरांच्या गोळीत असते. १९३७ साली ते आपल्याकडेच या बियांतून वेगळे केले गेले. म्हणजे आत्याबाई एकच औषध दोन वाटांनी घेत आहेत. त्यातही चूर्णाच्या प्रत्येक चमच्यात ते किती असेल याचा भरवसा नसल्यामुळे मात्रा कधी वाढेल आणि अंग वेडेवाकडे हलू लागेल, रक्तदाब उतरेल किंवा भास होऊ लागतील, हे सांगता येत नाही. मात्र घाबरून डॉक्टरांना न विचारता गोळी एकदम थांबवू नये. ती अचानक बंद केल्याने ताप, अंग कडक होणे, शुद्ध हरपणे अशी गंभीर अवस्था येऊ शकते. चूर्णाची बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

पोटाचा विषय निघालाच आहे, तर दुकानात वारंवार दिसणारी एक गोष्ट सांगतो. मळमळ, उलटीची तक्रार घेऊन पार्किन्सन्सचा रुग्ण दुसऱ्याच कोणा डॉक्टरांकडे जातो, आजार सांगायला विसरतो आणि चिठ्ठीवर मेटोक्लोप्रमाइड येते. ते मेंदूत डोपामिनची, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाची, वाट अडवते, त्यामुळे थरथर आणि ताठरपणा वाढतो. प्रत्येक नव्या डॉक्टरांना आजाराचे नाव आधी सांगावे. थरथरीसाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी वयस्कर माणसाचे पोट आणखी बांधते आणि विसरभोळेपणाही वाढवते. नानांच्या यादीत ती आहे का, हे पाहून डॉक्टरांशी बोलावे.

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, सायंकाळी ६:५०

गोळीचा विषय निघाला ते बरे झाले. माझ्या मते जिवाणू आणि पार्किन्सन्स यांच्या नात्यातला सर्वांत ठाम पुरावा आजार कशाने होतो याच्याशी संबंधित नाहीच, तो गोळीशी संबंधित आहे.

लेवोडोपा लहान आतड्याच्या वरच्या भागात रक्तात शोषले जाते आणि मेंदूत जाऊन त्याचे डोपामिन होते. ते वाटेतच डोपामिन होऊन वाया जाऊ नये म्हणून त्याच गोळीत कार्बिडोपा घातलेले असते. कार्बिडोपा आपल्या शरीरातले ते काम करणारे वितंचक (एन्झाइम) अडवते. आता गंमत अशी की, एंटेरोकोकस फीकॅलिस नावाच्या, आपल्या आतड्यात नेहमी आढळणाऱ्या जिवाणूकडेही असेच एक वितंचक असते. ते मुळात टायरोसिन या अमिनो आम्लासाठी असते, पण लेवोडोपावरही चालते, आणि कार्बिडोपाला ते फारसे जुमानत नाही. २०१९ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. हार्वर्डच्या गटाने पुढचा दुवाही शोधला: एगरथेला लेंटा नावाचा दुसरा जिवाणू तयार झालेल्या डोपामिनचे आणखी एका पदार्थात रूपांतर करतो. म्हणजे घरमालकाच्या तोंडी घास जाण्याआधी दोन भाडेकरू पंगतीला बसून घेतात. एकाच मात्रेचा एका रुग्णाला चांगला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही, त्यामागे हेही एक कारण असावे. जिवाणूंचे हे वितंचक अडवणारे रसायन प्रयोगशाळेत आणि उंदरांवर वापरून झाले आहे. औषध म्हणून दुकानात ते मिळत नाही.

यावरून 'प्रतिजैविके घेऊन हे जिवाणू मारून टाकू' असा विचार कोणी करू नये. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जिवाणूचा बंदोबस्त केल्यावर लेवोडोपा अधिक चांगले शोषले गेल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले होते. पण मलेशियातल्या नीट आखलेल्या चाचणीत हालचालींमध्ये फायदा आढळला नाही.

ज्या बाबतीत जिवाणूंच्या पुड्यांचा फायदा खरोखर दिसला आहे, ती बाब एकच: मलावरोध. इटलीत २०१६ साली आंबवलेल्या दुधाने आणि मलेशियात २०२१ साली अनेक जिवाणूंच्या कॅप्सूलने पार्किन्सन्सच्या रुग्णांना आठवड्यातून अधिक वेळा शौचास होऊ लागले. ही गोष्ट लहान नाही. जठर आणि आतडे सुस्त असेल तर गोळी वेळेवर पुढे सरकत नाही आणि तिचा गुणही उशिरा येतो.

लोकमान्यनगर_इंदूर | पुढच्या आठवड्यातला रविवार, रात्री १०:२०

सर्वांचे मनापासून आभार. उलटतपासणी यांच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. सासूबाई सांगतात, की नाना २०१२च्या सुमारास झोपेत ओरडत आणि एकदा त्यांनी झोपेतच भिंतीवर हात आपटून घेतला होता. आम्ही त्याला वाईट स्वप्न समजलो.

धागा वाचून मी आठवडाभर नोंद ठेवली: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता आणि काय, चालणे किती वाजता सुधारले. नाना सकाळी आठची गोळी पोहे, शेव आणि पेलाभर दूध यांच्याबरोबर घेत आणि नळ सुरू करायला हात वळायला साडेनऊ वाजत. गेल्या रविवारी नणंदेकडे दाल-बाफले होते. दुपारी दोनची गोळी त्यांनी तुपात बुडवलेल्या चौथ्या बाफल्यानंतर घेतली आणि पाच वाजेपर्यंत त्यांना खुर्चीतून उठता आले नाही. गोळी बदलली की काय, असे आम्हाला वाटले होते. बुधवारी ही नोंद डॉक्टरांना दाखवली. त्यांनी सांगितले, की डाळ आणि दूध यांतल्या प्रथिनांचे अमिनो आम्ल आणि लेवोडोपा आतड्यातल्या एकाच दारातून आत शिरू पाहतात आणि तुपाने जठर रिकामे व्हायला आणखी वेळ लागतो. आता गोळी खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आहे. डाळ बंद करायची नाही, तिचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ठेवायचा आहे. ट्रायहेक्सिफेनिडिल खरोखरच यादीत होती. ती हळूहळू कमी करत आणायची आहे. उरलेल्या भुकटीबद्दल ते म्हणाले, की पोटाला बरे वाटत असेल तर संपवा, पुन्हा विकत घेऊ नका. घरचे ताक चालेल. इसबगोल मात्र चालू ठेवायचे आहे, पण भरपूर पाण्याबरोबर, कारण गिळायला त्रास असणाऱ्याने ते थोड्या पाण्यात घेतले तर घशातच फुगून अडकू शकते.

चार दिवसांत फरक इतकाच: सकाळची गोळी आता पोहे पुढ्यात येईपर्यंत लागू पडते आणि चमचा त्यांचा त्यांना धरता येतो. पोट एक दिवसाआड साफ होते. थरथर आहे तेवढीच आहे.

नोंदीची वही आता नानांनी आपल्याकडे घेतली आहे. लिहिते मी, सांगतात ते. 'वेळ' आणि 'परिणाम' असे दोन रकाने मी आखले होते. ते त्यांनी खोडायला लावले आणि डावीकडे 'जमा', उजवीकडे 'नावे' लिहायला सांगितले. शौच जमेला आणि गोळ्या नावे. इसबगोल कुठे मांडायचे यावर आज संध्याकाळपासून सासूबाईंशी त्यांचा वाद चालू आहे.